दोन विमानतळांमधलं अंतर एकच, मग वेळेचे आकडे तीन कसे?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आई-बाबा लंडनहून न्यूयॉर्कला जाणार आहेत आणि तिथून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर आहे. मधे किती वेळ ठेवायचा याचा हिशेब मांडायला बसले, तर आकडे काही केल्या जुळेनात.

अंतर काढून देणाऱ्या साइटवर हीथ्रो ते जेएफके ५,५४० किमी आणि वेळ ७ तास २५ मिनिटं. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर त्याच फ्लाइटचा कालचा हवेतला वेळ सव्वासात तास, परवाचा त्याहून कमी. आणि आईनं तिकिटाचा जो फोटो पाठवलाय त्यात निघणं सकाळी ११, पोचणं दुपारी ३. दोन शहरांत पाच तासांचा फरक धरला तर हे चक्क नऊ तास होतात! नोव्हेंबरातल्या परतीच्या तिकिटावर मात्र सातच तास येतात.

अंतर तर जाताना-येताना तेवढंच. मग यातला कुठला आकडा खरा मानू? दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत, धावपळ करायला लावायची नाहीये. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

झुळूक

तिकिटावरचा. बाकी सगळं विसरा.

मोजपट्टी

विसरा कशाला? प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

आधी अंतर. साइटवर जे ५,५४० किमी दिसतात ते दोन बिंदूंमधलं पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरायची आणि गोलावरचं अंतर काढणाऱ्या हॅव्हरसाइन सूत्रात घालायचं. पृथ्वी ध्रुवांपाशी जरा चपटी असल्यामुळे यात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. चांगल्या साइट चपटेपणाही धरतात, त्यासाठी १९७५ पासून व्हिन्सेंटीची पद्धत प्रचलित आहे. म्हणून दोन साइटवर पंधरा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर घाबरू नका.

नकाशावर ही रेषा वाकडी दिसते. तो दोष नकाशाचा, रेषेचा नाही. दुबई ते लॉस एंजेलिसची सर्वांत जवळची वाट जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते. सपाट नकाशावर हे पटतच नाही, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, लगेच कळेल.

आता वेळ. ५,५४० ला ताशी ८०० ने भागा, ६ तास ५५ मिनिटं. त्यात अर्धा तास चढ-उतारासाठी घाला, बरोबर ७ तास २५ मिनिटं. म्हणजे तुमच्या साइटनं एवढंच केलंय. तिला ना वारा ठाऊक, ना विमानाचा प्रकार, ना दिशा.

उनाड_ढग

मोजपट्टी, मस्त उलगडून सांगितलंत. या ठोकळ सूत्राची गंमत बघायची असेल तर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर चला. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा, अंतर साधारण २.७ किमी. वेळापत्रकात दोन मिनिटं. वारा पाठीशी असेल तर मिनिटभरही लागत नाही, विक्रम ५३ सेकंदांचा आहे. तुमच्या साइटचं सूत्र तिथे अर्धा तास सांगेल!

चौकस

मला नेहमी पडणारा प्रश्न विचारून घेतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान पश्चिमेकडे निघालं की न्यूयॉर्कच त्याच्या दिशेनं सरकत येणार. तरी जाताना जास्त वेळ का?

झुळूक

मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तरी चालेल की! न्यूयॉर्क खाली आलं की उतरायचं, इंधनाची बचत :)

नभांगण

झुळूक, हसू आलं, पण चौकस यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, पुष्कळांना पडतो. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि विमान उडतं ते त्या हवेत. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगानं फिरते, पण तिथली हवा, धावपट्टी आणि धावपट्टीवरचं विमान हे सगळंच त्या वेगात सामील असतं. त्यामुळे त्या फिरण्याचा थेट फायदाही नाही अन् तोटाही नाही.

आडून मात्र संबंध आहे. उष्ण कटिबंधातली हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. या तफावतीमुळे हवा ध्रुवाकडे जाऊ बघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. त्यातून ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा अरुंद, वेगवान पट्टा तयार होतो, तोच जेट स्ट्रीम. नेमकी हीच उंची प्रवासी विमानांची. हिवाळ्यात तापमानातली तफावत वाढते तसा हा वाराही वाढतो, ताशी २०० किमीच्या वर सहज जातो.

मी बरीच वर्षं उड्डाण नियोजनाच्या कामात आहे. निघण्याआधी वैमानिकाला जो फ्लाइट प्लॅन देतो त्यात वाटेतल्या प्रत्येक बिंदूसमोर एक ओळ असते. त्या उंचीवरचा वारा कुठून नि किती, बाहेरचं तापमान, पुढच्या बिंदूपर्यंतची मिनिटं, तिथे पोचल्यावर टाकीत किती इंधन उरलेलं असायला हवं. वैमानिक प्रत्यक्ष बिंदू ओलांडला की शेजारी खरी वेळ आणि खरं इंधन टिपतो. त्या मिनिटांची बेरीज रोज वेगळी येते. अंतराची ओळसुद्धा रोज वेगळी असते, कारण आम्ही सर्वांत जवळची वाट शोधतच नाही. वेळ, इंधन आणि परवानग्या यांचा मेळ जिथे बसतो ती वाट घेतो. अटलांटिकवरचे मार्ग तर वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्यानं आखले जातात.

पाऊलवाट, पश्चिमेकडे जाताना नऊ तास मला जरा जास्तच वाटतात. नेमकी तारीख सांगाल का?

चौकस

आत्ता नीट समजलं. धन्यवाद नभांगण!

म्हणजे जाताना जेवढा वेळ वाया गेला तेवढा येताना वाचतो, हिशेब फिट्टंफाट?

मोजपट्टी

नाही होत. साधं गणित करून बघा. अंतर ६,००० किमी, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. वारा नसेल तर ६ तास ४० मिनिटं प्रत्येकी, जाऊन-येऊन १३ तास २०. आता ताशी १०० किमीचा वारा घ्या. वाऱ्यासोबत १,००० चा वेग म्हणजे सहा तास, विरुद्ध ८०० चा म्हणजे साडेसात. एकूण १३ तास ३०. वारा १५० चा केला तर एकूण पावणेचौदाच्या घरात जातं. विरुद्ध वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तोटा नेहमी फायद्यावर मात करतो.

उनाड_ढग

हे मलाही नवीन होतं!

जेट स्ट्रीमचं नाव निघालंय म्हणून. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या हिशेबानं वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता.

चौकस

बाप रे! मग आवाजाचा वेग ओलांडला की.

उनाड_ढग

नाही ना. विमान आवाजाचा वेग ओलांडतं की नाही ते भोवतालच्या हवेच्या हिशेबानं ठरतं. नदीच्या जोरात असलेल्या धारेत नाव वल्हवली तर काठावरच्या माणसाला ती सुसाट दिसते, पण वल्हं मारणाऱ्याचा जोर तोच असतो. ७४७ तेव्हाही हवेत आपल्या नेहमीच्याच वेगानं उडत होतं. खरोखर आवाजाच्या पुढे गेलेलं कॉन्कॉर्ड. ७ फेब्रुवारी १९९६ ला तेच अंतर त्यानं २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत कापलं. त्यालाही वाऱ्याची साथ होतीच.

रानवारा

सगळं वाऱ्यावर ढकलू नका. विमान कंपन्या वेळापत्रकातच वेळ फुगवून ठेवतात. अर्धा तास उशिरा निघायचं आणि "आपण वेळेआधी पोचलो आहोत" अशी घोषणा करायची. प्रवाशाला वाटतं, वा! एकदा असंच लवकर उतरलो आणि गेट मोकळं नाही म्हणून विमानातच बसवून ठेवलं, समोर गेट दिसतंय आणि उठायचं नाही. वक्तशीरपणाच्या टक्केवारीसाठी केलेली ही सोय मला तरी सरळसरळ फसवणूक वाटते.

नभांगण

रानवारा, थांबवून ठेवल्याचा वैताग समजू शकतो. फसवणूक या शब्दाशी मात्र सहमत नाही.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. विमान गेटवरून हललं की सुरू, दुसऱ्या गेटवर उभं राहिलं की संपला. त्यात ढकलून मागे नेणं, धावपट्टीपर्यंतचं टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरून चालत जाणं), रांग, उड्डाण, उतरण्याआधीच्या घिरट्या, पुन्हा टॅक्सी, सगळं आलं. ॲमस्टरडॅमची पोल्डरबान धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की विमान पुलावरून महामार्ग ओलांडतं, दहा-पंधरा मिनिटं नुसतं जमिनीवर चालतं. हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांसाठी घिरट्यांच्या ठरलेल्या चार जागा आहेत. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणजे त्या दिवशी वारा फिरला की धावपट्टीची दिशा फिरली, की आणखी पाच-दहा मिनिटं.

हे सगळं धरून, मागच्या हंगामांतल्या प्रत्यक्ष नोंदी पाहून, बहुतेक दिवशी पुरेल असा वेळ कंपनी छापते. सर्वांत चांगल्या दिवसाचा वेळ छापला असता तर निम्म्या लोकांची पुढची विमानं चुकली असती.

रानवारा

बहुतेक दिवशी पुरेल एवढा ठेवावा, हे मान्य. पण मग दोन्ही आकडे छापा, हवेतला वेगळा आणि एकूण वेगळा. लपवायचं काय त्यात?

नभांगण

यावर माझं तुमच्याशी एकमत आहे. दोन्ही छापले तर असे धागेच निघायचे नाहीत.

कलमदान

वेळ नेमका कुठे संपतो यावर युरोपात न्यायालयापर्यंत गेलंय प्रकरण. विमान उशिरा आलं तर किती उशीर झाला हे मोजायचं कशावरून, चाकं टेकली तेव्हा, गेटवर थांबलं तेव्हा की दार उघडलं तेव्हा? युरोपीय न्यायालयानं २०१४ मध्ये निकाल दिला की किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची मुभा मिळाली तो क्षण धरायचा. आत बसवून ठेवलेला माणूस पोचलेला नाही. रानवारा, तुमच्याच बाजूचा निकाल आहे.

आणि साइटवरच्या त्या सरळ अंतराला कायद्यात मान आहे बरं का. युरोपच्या २६१/२००४ या नियमावलीत भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किमीवर ठरतात. वाटेत विमान बदललं असेल तर? २०१७ च्या निकालानुसार प्रत्यक्ष किती फिरलात हे बघायचं नाही, सुरुवातीचा विमानतळ ते शेवटचा, मोजपट्टींनी सांगितलं तसं गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. त्यामुळे १,४९० की १,५१० हा फरक खऱ्याखुऱ्या पैशांचा असतो.

रानवारा

दाराचा निकाल वाचून फार बरं वाटलं. खरंच.

भिंगरी

अंतर आणि वेळ यांची फारकत बघायची असेल तर ऑक्टोबर २०१६ चं उदाहरण घ्या. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, तेव्हापासून पॅसिफिकवरून नेऊ लागले. वाट सुमारे १,४०० किमीनं वाढली, १५,३०० च्या घरात गेली. वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांत पोचलं! आधी वाऱ्याशी झुंजत पश्चिमेकडे जायचं, ते वाऱ्याबरोबर पूर्वेकडे निघालं. सरळ अंतर काढलं तर जेमतेम १२,४०० किमी येतं. म्हणजे साइटवरचा आकडा दोन्ही वाटांना लागू नाही.

मोजपट्टी

हे उदाहरण भन्नाट आहे. जतन करून ठेवतो.

उनाड_ढग

उलट बाजूचं उदाहरण हेलसिंकी–टोकियो. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियानं युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. फिनएअरची जी विमानं सैबेरियावरून साधारण नऊ-साडेनऊ तासांत पोचायची, त्यांना तेरा तास लागू लागले. काही तर उत्तर ध्रुवावरून जायला लागली. दोन्ही विमानतळ जागचे हलले नाहीत, अंतर काढणारी साइट आजही तोच आकडा दाखवते, माणसांचा प्रवास मात्र जवळजवळ चार तासांनी लांबला. आकाशात रेषा नाहीत असं आपण म्हणतो, पण त्या आहेत आणि माणसाच्या आयुष्यातले तास खातात.

नभांगण

अगदी. आणि काही रेषा डोंगर आखतात. तिबेटच्या पठारावरून लांब पल्ल्याची विमानं शक्यतो जात नाहीत. वरची हवा विरळ किंवा थंड हे कारण नाही. केबिनमधला दाब गेला तर विमानाला तातडीनं साधारण ३,००० मीटरपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथली जमीनच ४,५०० मीटरवर आहे. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन मोजक्या मिनिटांचा असतो, तेवढ्यात पठार ओलांडून होत नाही. म्हणून जिथून सुटकेची वाट आधीच आखलेली आहे अशाच मार्गांनी जातात, नाहीतर वळसा घालतात.

झुळूक

विमान इतक्या उंचावरून जातं म्हणूनही अंतर वाढत असेल ना?

मोजपट्टी

वाढतं, पण नगण्य. ११ किमी उंचीमुळे त्रिज्या ६,३७१ ची ६,३८२ होते. लंडन–न्यूयॉर्कमध्ये दहा किलोमीटरसुद्धा वाढत नाहीत, म्हणजे मिनिटभराचाही फरक नाही.

भिंगरी

आणि कॅलेंडर! सामोआतल्या आपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला विमानानं पाऊण तासही पुरतो. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, दोन्हींच्या घड्याळांत तब्बल २४ तासांचा फरक. मंगळवारी दुपारी निघा, सोमवारी दुपारी पोचा. सामोआनं २०११ च्या डिसेंबरात रेषेची बाजू बदलली तेव्हा ३० तारीख तिथे उजाडलीच नाही. निघायच्या नि पोचायच्या वेळांची सरळ वजाबाकी इथे केली तर प्रवास उणे तेवीस तासांचा निघेल!

पाऊलवाट

किती माहिती दिलीत सगळ्यांनी! वाचतच राहिले. नभांगण, तुम्ही विचारलेली तारीख द्यायची राहून गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतरचा मंगळवार.

नभांगण

मग उलगडलं! घड्याळांचा मामला आहे.

युरोप उन्हाळी वेळेवरून मागे येतो तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अमेरिका येते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या त्या आठवड्यात लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच नाही, चारच तासांचा फरक असतो. ११ ला निघून तिथल्या ३ ला पोचणं म्हणजे न्यूयॉर्कचे सात ते तीन, बरोबर आठ तास. पश्चिमेकडच्या प्रवासाचा नेहमीचा ब्लॉक टाइम. मार्चमध्येही असंच होतं. अमेरिका दुसऱ्या रविवारी पुढे जाते, युरोप शेवटच्या रविवारी.

आता तीनही आकडे जुळतात. साइटचा ७:२५ हा ढोबळ, ॲपचा सव्वासात हा नुसता हवेतला, आणि तिकिटाचा आठ हा गेट ते गेट. तुमच्या कामाचा शेवटचा.

पाऊलवाट

हुश्श. डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणजे दुपारी ३ ला गेटवर. पुढचं विमान संध्याकाळी ६ चं घेऊ का? ते नेमकं त्या दिवसाचं शेवटचं आहे. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळचं आहे.

उनाड_ढग

वेगळं तिकीट, सत्तरीपुढची माणसं आणि दिवसाचं शेवटचं विमान, या तिन्ही गोष्टी एकत्र आणू नका. सकाळचं घ्या.

झुळूक

+१. सकाळचंच.

रानवारा

मी एवढा घाबरत नाही. तीन तास पुष्कळांना पुरतात. पण एक करा. ॲपवर त्या फ्लाइट क्रमांकाच्या मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या पोचण्याच्या वेळा बघा. सरासरी बघू नका, सर्वांत वाईट दिवस बघा. त्या दिवशीही जमलं असतं का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा.

नभांगण

रानवारांचा सल्ला सोळा आणे खरा. फक्त तिथे दिसणारी वेळ कशाची आहे ते पाहून घ्या. काही ॲप चाकं टेकल्याची वेळ दाखवतात, काही गेटवरची. उशिरा निघालेलं विमान वाटेत वेग वाढवून भरून काढेल या भरवशावरही राहू नका. वेग ०.८५ माखचा, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पटीचा, ०.८६ केला तरी सात तासांत पाचेक मिनिटंच वाचतात.

आणि तीन वाजल्यापुढचा हिशेब उलटा मांडा. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, सामानही तिथेच ताब्यात घ्यावं लागतं. तिकीट वेगळं म्हणजे पुढच्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा द्यायचं, आणि काउंटर उड्डाणाच्या बराच आधी बंद होतो. त्यातून टर्मिनल वेगळं असेल तर टर्मिनलांना जोडणाऱ्या एअरट्रेननं जायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी. सहाच्या विमानासाठी तुमच्या हातात तीन तास नाहीत, जेमतेम दोन आहेत.

पाऊलवाट

मग ठरलं, सकाळचंच घेते. रात्री विमानतळाजवळ मुक्काम. आईला व्हीलचेअर सांगू का? ती चालते तशी नीट, पण लांब चालवत नाही.

कलमदान

नक्की सांगा, आणि दोन्ही कंपन्यांना वेगवेगळं सांगा. वेगळं तिकीट असलं की एकीकडची नोंद दुसरीकडे जात नाही. उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवून ठेवा.

पाऊलवाट

आजच दोन्हीकडे कळवते. बाबांना हा अख्खा धागा वाचायला पाठवलाय, त्यांना पॅसिफिकवाला किस्सा फार आवडेल.